सत्तावीस नंबरच्या गाडीची डावी नळी

मी, डेलबर्ट क्रान्झ, वय एकोणऐंशी, निवृत्त लेथ कारागीर, राहणार स्पीडवे, इंडियाना, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. भिंग डोळ्यांना लागतं, डोक्याला अजून नाही. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर मुलगा क्रेग याला. चाळीस वर्षं मी हाताने बनवलेल्या छोट्या मॉडेल गाड्यांना तो पाहुण्यांसमोर "बाबांची खेळणी" म्हणतो. एकदा धूळ पुसायला म्हणून आला, तीन गाड्यांचे आरसे मोडले आणि वर म्हणाला, "चिकटवा की!" त्यामुळे घर घ्यावं, त्या गाड्यांच्या तळघरातल्या कपाटांना हात लावू नये.

२. बँकेतली शिल्लक आणि ती कपाटं मुलगी जोअ‍ॅन हिला. तिला गाड्यांतलं काही कळत नाही, पण तसं ती कबूल करते.

३. सुट्या भागांची न उघडलेली एकतीस किटं आमच्या जुन्या मॉडेल क्लबला. खोक्यातून निघेल तसं जोडायचं, वर लोण्यासारखा रंग थापायचा आणि स्वतःला कलाकार म्हणवायचं, एवढंच तिथे चालतं. त्यांना तेवढं पुरे.

४. सत्तावीस नंबरची निळी रेसगाडी. किटमधलं हिच्यात फारसं उरलेलं नाही. चाकांच्या तारा मी एकेक ओवल्या, सीटला जुन्या हातमोज्याचं चामडं लावलं आणि धुराची नळी उजवीकडून काढून डावीकडे बसवली. क्लबच्या १९९७च्या स्पर्धेत परीक्षक वेंडल प्रूइटने ती बाद केली.

"नळी उजवीकडे हवी, डेलबर्ट. किटचा कागद बघ."

"अरे, खऱ्या गाडीला ती मी जोडलीय! बासष्ट साली, या हातांनी."

"फोटो आहे?"

नव्हता. पहिलं बक्षीस मिळालेल्या गाडीच्या रंगात बोटांचे ठसे उमटले होते. मी क्लब सोडला आणि पंचवीस वर्षं त्या गाढवाशी बोललो नाही.

यंदा एप्रिलमध्ये तो दारात उभा. कुठल्याशा मेकॅनिकच्या घरचं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यात त्याला खऱ्या गाडीचा, मी नळी जोडत असतानाचा फोटो सापडला होता.

"डावीकडेच होती रे," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"ते मला तेव्हाच माहीत होतं."

"आणि गाडीमागची ही पोरगी कोण? सगळे गाडीकडे बघतायत, ही तुझ्याकडे."

ती लॉरेन. त्यानंतर दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. तिला जाऊन तेरा वर्षं झाली. ती तेव्हा तिथे होती, हे ती मला कधी बोलली नव्हती.

मी वेंडलला आत घेतलं, कॉफी दिली. मग भिंग घेऊन फोटो पुन्हा पाहिला. जाताना तो फोटो माझ्याकडेच ठेवून गेला.

सबब निळी गाडी वेंडल प्रूइट याला. परीक्षक म्हणून तो आजही नालायक आहे. फोटो कोणालाही देऊ नये. तो माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून मला लॉरेनशेजारी पुरावं.

वाचून, समजून सही केली.

डेलबर्ट क्रान्झ
स्पीडवे, ११ ऑक्टोबर २०२२

आमच्यासमोर सही झाली:
मर्ल स्टकी, न्हावी
लिओटा ब्रँडनबर्ग, शेजारीण