मॅडमने औषध म्हणून नेलेल्या बाटल्या

तीर्थस्वरूप नथ्थूभाऊस धुरपताचा नमस्कार.

त्या सकाळी सडा टाकून झाला होता, चुलीवर आंधण चढलं होतं आणि मी सुपात मोहफुलं निवडत बसले होते, तेवढ्यात पांढरी गाडी आली. (तब्येत विचारायची राहिलीच. चंदावहिनी सांगत होती, तुला जेवण जात नाही, अंग खाजतं आणि दवाखान्याचं नाव काढलं की तू शेतात निघून जातोस. फोनवर तू हो हो म्हणून ठेवून देतोस. पत्राला हो हो म्हणता येत नाही, म्हणून लिहिते.)

गाडीतून नागपूरच्या नीलिमा मॅडम उतरल्या. यकृताच्या आजारावर त्यांचं संशोधन आहे. (यकृत म्हणजे बकऱ्याची असली की आपण जिला कलेजी म्हणतो ती.) औषधांनीच माणसाचं यकृत बिघडतं का, हे शोधत त्या गावोगाव फिरतात. पण लिव्हर म्हटलं की आपल्या लोकांना एकच गोष्ट आठवते. तुमच्या जिल्ह्यातली दारूबंदी उठली, आमची अजून आहे. धाडच आली म्हणून गावाने बाटल्या भाताच्या तणसात खुपसल्या. एक तर अंगणवाडीच्या वजनकाट्यामागे गेली.

बिरजूला तेवढाही वेळ मिळाला नाही. मॅडम दारात आणि बाटली पायाशी. तो म्हणाला, "दारू नाई जी मॅडम, औषध आहे. पोटाचं." औषध म्हटल्यावर मॅडमचा चेहरा असा उजळला की काय सांगू! किती वेळा घेता, विचारलं. "दिवसातून दोनदा. पोळ्याले चारदा." त्यावर शेजारची केसरबाई म्हणाली, "एवढं औषध पिऊन बी बरा काऊन नाई झाला बे?" मॅडमने बाटलीवर बिरजूचं नाव चिकटवून ती पेटीत ठेवली.

मग काय, घरोघरी औषधच निघालं. कोणाचं कंबरेचं, कोणाचं झोपेचं. बायकांनी तर तणसात लपवलेलीही काढून दिली. मी खरं सांगणार होते, पण बायकांनी डोळे असे वटारले की मी पदर तोंडाला लावला. संध्याकाळी शाळेत मुक्कामाला गेल्यावर मॅडमने एक बूच काढलं आणि हसत हसत खालीच बसल्या. बाहेर ओट्यावर गडीमाणसं सुतकात बसल्यासारखी बसली होती.

पण गंमत अशी, की बाजारातल्या पुडीवाल्याची गुडघेदुखीची पुडी कोणीच दाखवली नाही. तिला कोणी औषध समजतच नाही.

माझ्या घरी मॅडमने विचारलं, मालक दारू घेत होते का? मी म्हटलं, नाही. स्वातीचे बाबा काविळीने गेले तेव्हापासून हा 'नाही' मी गावाला सांगत आले, आणि गाव मान हलवून मनात हसत आलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग ते घेत काय होते?" भाऊ, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी पुडीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं आता नक्की सांगता येणार नाही, ताई. पण दुसरं कोणी घेत असेल तर आधी थांबवा. वेळेत थांबवलं की बहुतेकांचं यकृत सावरतं." त्यांनी दिलेलं माहितीपुस्तक मी दोनदा वाचलं. (मी भज्यांचा कागदही वाचते हे तुला ठाऊक आहे, पण हे मन लावून वाचलं.)

बाकी सर्व ठीक. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
धुरपता

ता. क. तू त्याच पुडीवाल्याकडून पुडी घेतोस, हे वहिनीने मला सांगितलं आहे. तिच्यावर ओरडू नको. पुडी आजपासून बंद. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे. उरलेली पुडी फेकू नको, मॅडम शुक्रवारी चिमूरला येतात, त्यांना दे. तुझा पत्ता मी देऊन बसले आहे. शेताचाही दिला आहे.

आणखी एक. तुझ्या पुडीशी ताडून बघायला मॅडमने स्वातीच्या बाबांच्या वेळची पुडी मागितली. एक होती, त्यांच्या शर्टाच्या खिशात. तो शर्ट मी खुंटीवरून काढलेला नव्हता, धुतलाही नव्हता. मी मॅडमला नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी खिशातून पुडी काढली, शाळेत नेऊन दिली, आणि घरी येऊन शर्ट धुतला.