विहारातलं पील

१८ नोव्हेंबर १९९६
पोचलो एकदाचे ब्रह्मदेशात! चोपड्याच्या केळीवाल्याला विमान कशाला, असं म्हणणाऱ्यांनी आता बघावं. या बुद्धाच्या देशाने परक्यांना आत्ता कुठे दार उघडलंय, त्यामुळे पोरं आमच्या मागे धावतात. पहाटे भिक्षू रांगेने निघतात आणि दारात उभ्या बाया न मागता भात वाढतात. बांधाशेजारचा गिरधर बरोबर आहे, तो हात जोडून जोडून थकला. सुनंदाने हे पाहायला हवं होतं, पण मग शेत कोणी बघायचं? तिच्या विळ्याला उसंत नाही. लावल्या जागेबाहेर केळीचं एक पील, बुंध्याशेजारचा नवा कोंब, फुटलं तरी ती ते कापून टाकते. पोरीच्या साखरपुड्याआधी परत येतो, असं तिला वचन दिलंय.

२० नोव्हेंबर
आज एका खेड्यातला विहार पाहिला. मुक्कामही तिथेच. फाटकाबाहेरच चपला काढायच्या. आमच्या सहलीतली पुण्याची मंडळी खडे टोचतात म्हणून उड्या मारत होती, मी आपला खुशाल. मागे केळीची बाग. तांबूस साल, घड असा की आमच्याकडच्या बसराई केळीने लाजावं! सगळी बुद्धाला वाहायची. वाटाड्याला मोडकं हिंदी येतं. त्याने म्हाताऱ्या भिक्षूंचं बोलणं सांगितलं: हवं ते मागा, मिळेल, पण जिथून न्याल तिथे दुसरं काही लावा, इथली माती रिकामी राहत नाही. मी मान डोलावली. मागायचं कशाला? मागून आणलेलं रोप रुसतं आणि चोरून आणलेलं फोफावतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.
संध्याकाळी सगळे प्रार्थनेला बसले तेव्हा एक पील उपटलं. गिरधर घाबरला. "भाऊ, आठलं बठ्ठं देवनं शे, हात नको लावू!" ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याच पिशवीत टाकलं. सुनंदाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. देवाचं चोरलेलं ती शेतात शिरू देणार नाही.

२१ नोव्हेंबर
गाडी निघाली आणि घसा कोरडा पडला. तांब्यावर तांबे पाणी प्यायलो, तहान तशीच. तळपाय खाजत होते. टाचेला पांढरा दोरा चिकटलेला दिसला, ओढला तर कळ मस्तकात गेली. दुपारी शुद्ध हरपली. विहारात एक भिक्षू औषधपाणी करतात म्हणून गाडी मागे वळवली. उतरून अनवाणी पाय मातीवर टेकले आणि तहान भागली. थेंबही न पिता. मला भीती वाटली.

२३ नोव्हेंबर
व्हिसा संपतोय, मंडळी गेली. मी फाटकाबाहेर पडलो की कोसळतो. गिरधर रडला, "तुले टाकीसन कसा जाऊ भाऊ?" बरा झालो की येतोच, असं म्हणून मीच त्याला ढकलला. गाडी हलली तेव्हा ओरडून सांगितलं, पील सुकू देऊ नकोस, माझ्या विहिरीजवळ लाव. जातीचा शेतकरी ना मी.

२५ नोव्हेंबर
वाटाड्या परत आला, त्याच्या तोंडून म्हाताऱ्या भिक्षूंपाशी चोरी कबूल केली. ते रागावले नाहीत. मागितलं असतं तर हसत दिलं असतं, म्हणाले. मी उपटलं तिथला खड्डा दाखवला. जाग येते तेव्हा मी रोज त्याच खड्ड्यात उभा असतो. पील परत आलं तर माती मला सोडेल, म्हणाले. पील गेलं चोपड्याला.

२८ नोव्हेंबर
पाय वर येत नाहीत. पोटऱ्यांपर्यंत माती. भिक्षूंनी खणून पाहिलं— मुळं तुटली, रक्त माझं आलं. थांबले. आता छत्री धरतात, भात भरवतात. इथे कोणीच वाईट नाही. मग सुटका मागू कोणाकडे?

डिसेंबर असावा
पायाखाली काळी माती. ही इथली नव्हे. माझ्या विहिरीवरच्या मोटरची धडधड तळपायातून येते, पाटाचं पाणी लागतंय. गिरधरने लावलं! मी हसलो. घरी आलो की—

तारीख माहीत नाही
कमरेपर्यंत. बोटं अजून हलतात.
बांगड्या. सुनंदाच. बांधावरून येतेय. चाल ओळखतो मी— पोरीच्या साखरपुड्याचं काय झालं—
पाटाकडे वळली. गिरधर बोलला नसेल, शपथ मोडणारा नाही तो. आणि मी उभा विहिरीजवळ, ओळीबाहेर, जागा सोडून—
दगडावर विळ्याचं पातं घासतेय.
सुनंदा, अगं मी—
खाली बसली. हात बुंध्याला लागला. ऊबदार. थांब, जरा खाली वाकून बघ, मी तुझा—