मांजरीच्या तोंडाचा वास

अव्वा, आज सकाळी सून म्हणाली, दूध मांजरानं सांडलं. ती मागं वळताच मी वाकून जमिनीवर पायांचे ठसे आहेत का ते बघितलं. नव्हते. आईचा स्वभाव लेकीत उतरतो म्हणतात, तुझा माझ्याकडं असा मुक्कामाला आलाय. तू दूधवाल्याच्या दुधाचा थेंब नखावर धरून बघायचीस. पाहुणा वेळेआधी आला तर त्याला काहीतरी हवंय आणि उशिरा आला तर दुसरीकडं जेवून आलाय, हे तुझं ठरलेलं. अप्पा नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानातून घरी आले की तू आधी त्यांचा चेहरा बघायचीस, मग पाण्याचा तांब्या द्यायचीस. कुठल्याही गोष्टीवर तुझे तीन प्रश्न असायचे. पहिल्याचं उत्तर माणूस तयार ठेवतो, दुसऱ्याचं जुळवतो आणि तिसऱ्याला अडकतो, असं तूच मला कधीतरी भाकऱ्या थापताना सांगितलं होतंस.

मला आठवतेय ती एकोणीसशे तीस सालाच्या आधीची गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांची असेन. ज्वारीच्या पोत्याला उंदरांनी भोक पाडलं होतं म्हणून परसात ओरडत बसलेलं ते करडं पिलू तू घरात घेतलंस, तेही अटीवर. ‘‘उंदरं धरली तर ऱ्हाईल, न्हाय तर आली तशी जाईल की,’’ असं तू त्या एवढ्याशा जिवाला तोंडावर सांगितलंस. पुढं कधीतरी मनी तुझ्या पदरावर झोपायला लागली आणि ती उठू नये म्हणून तू पदर न हलवता, एका हातानं पिठाची परात ओढायला शिकलीस. उरल्यासुरल्या पिठाची एक लहानशी भाकरी तिच्यासाठी व्हायची, ताकात कुस्करून. हे लाड नव्हेत, असं तू म्हणायचीस. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

मग तो वास. आपण गळ्यात लिंग बांधणारी माणसं, घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. भिंतीपलीकडं मुसलमान शेजारणीचं घर, तिला आपण सगळे खाला म्हणायचो; तिच्या नवऱ्याचा हातमाग दिवसभर खटखटायचा. दुपारी गिरणीचा भोंगा होतो, मनी बाहेरून येते आणि तू तिला उंबऱ्यातच अडवतेस. जबडा धरून तिचं तोंड हुंगतेस. ‘‘मटणाचा वास येतोय,’’ तू म्हणतेस. जन्मात मटण न शिवलेल्या तुला तो वास कसा ओळखता आला, हे विचारायची माझी छाती नव्हती. त्या दिवसापासून रोज मनीची झडती सुरू झाली. कधी वास यायचा, कधी नाही, आणि नाही आला की तुझा संशय आणखीच वाढायचा.

आता खरं सांगते. मनीनं मटण खाल्लं नव्हतं, मी खाल्लं होतं. मी मनीला कडेवर घेऊन खालाकडं जायचे. तिच्या घरी मटण शिजलं असलं की ती एक तुकडा माझ्या हातावर ठेवायची. ‘‘ले बेटी, तेरी बिल्ली कू डाल,’’ म्हणायची. मला स्वतःला खाऊ घालायचं तिच्या मनातही आलं नसतं, तुझ्या सोवळ्याचा तिला धाक होता. सुताच्या गठ्ठ्यांमागं जाऊन पहिल्या वेळी मी तो नुसता जिभेला लावून बघितला. मग चावला. मग माझी मला लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी मी परत गेले. मनी समोर बसून माझ्या तोंडाकडं बघायची. शेवटी मी बोटं पुढं करायचे आणि मनी ती चाटून साफ करायची. तेवढाच तिचा गुन्हा.

एका सकाळी तू परसातल्या भिंतीवरून खालाला हाक मारलीस. ‘‘आमच्या मांजराला काय घालता हो तुमी?’’ खाला गडबडली. ‘‘मैं काय कू डालूँगी? तुम्हारी छोकरी के हात में देती, वोइच खिलाती.’’ तू माझ्याकडं वळलीस.

‘‘तू घालत हुतीस?’’

‘‘व्हय.’’

‘‘हात धूत हुतीस?’’

‘‘व्हय.’’

मी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तू आत जाऊन पीठ चाळायला बसलीस.

त्याच आठवड्यात मंद्रूपहून मामा बैलगाडी घेऊन बाजाराला आला. ‘‘अक्का, लई गुणाची हाय की मांजर. कशाला घालवतीस?’’ त्यानं विचारलं. ‘‘तोंड बाटलंय तिचं. तुझ्या मळ्यात ऱ्हाऊ दे.’’ मनीनं मामाला ओरबाडलं, ती कुणाच्या हाती लागेना. तेव्हा तू मला म्हणालीस, ‘‘तू घाल पोत्यात. तुझ्याच हाताला येती ती.’’ मी हाक मारली. ती आली. तुझ्या पदराला अंग घासून माझ्यापाशी आली, आणि मी तिला उचलून पोत्यात घातलं.

त्यानंतर तू खालाशी बोलणं सोडलंस, तिचा काही दोष नसताना. लहान भाकरी मात्र तू करत राहिलीस. ती माझ्या ताटात वाढायचीस आणि मी संपवेपर्यंत बघत बसायचीस. त्या बघण्याचा मी आजवर कीस काढतेय. मी खाल्लं हे माझ्या तोंडून निघालं असतं तर अप्पांना सांगावं लागलं असतं, शुद्धीसाठी मठातल्या स्वामींना बोलवावं लागलं असतं, माझं पान सोप्यात वेगळं मांडलं गेलं असतं आणि गल्लीभर झालं असतं. म्हणून तू सगळं मनीवर ढकललंस का? की तुला खरंच काही कळलं नव्हतं? तुझ्यासारखी बाई दोन प्रश्नांवर थांबते, यावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी आठ दिवस उशाशी होते. विचारायचं ठरवून बसायचे आणि पाणी हवं का, एवढंच विचारायचे.

हा कागद पेटीत ठेवणार नाही. सून पेटी उघडते असा मला संशय आहे. उद्या पाणी तापवताना बंबात घालीन. पण एक लिहून टाकते, कारण आजवर हे मी कुणाला बोलले नाही. गाडी वळणावर गेली तेव्हा मी धाय मोकलून रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण सुटले एकदाची, असंही मला वाटलं होतं, अव्वा. आणि ते आधी वाटलं होतं.