कोरीच्या अंगठीचं सोनं

१४ एप्रिल, सोमवार
आमच्या कोरीचं लग्न ठरलं. सप्टेंबरात. पोरगा ट्रॅव्हिस, बरा आहे, कमी बोलतो. त्याचा बाप डेल मन्सन शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी. म्हणजे व्याही पोलीस. चालवून घेऊ.

जेवायला बायकोचा, लॉर्नाचा, भाऊ क्लेटनही होता. कोणी बोलावलं नव्हतं. मेव्हण्यांना बोलवावं लागत नाही, ते मुंग्यांसारखे वासावर येतात. आल्या आल्या त्याने विषय काढला की त्यांच्या प्रूइट घराण्यात लेकीच्या लग्नाची अंगठी बापाने स्वतः ओढ्याच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याची असते. त्याच्या पोरीची तशीच होती, लॉर्नाची तशीच आहे. मग मॅश्ड पोटॅटो वाढून घेत माझ्याकडे बघून म्हणाला, वेंडेल काही प्रूइट नाही, त्याने दुकानातून आणली तरी कोणी नावं ठेवणार नाही.

तीस वर्षं ऐकतोय हे. मी बाहेरचा, मी गॅसचा ट्रक चालवणारा. माझ्या स्वतःच्या लग्नातली अंगठीसुद्धा सासऱ्याच्या सोन्याची होती. आज सहन झालं नाही. जाहीर करून टाकलं, कोरीची अंगठी मी धुतलेल्या सोन्याचीच होणार. कोरी खुर्चीवरून उठली आणि गळ्यात पडली. पप्पा, खरंच ना, असं दोनदा विचारलं. मोठी झाल्यापासून ती माझ्यावर इतकी खूश झालेली मला आठवत नाही.

क्लेटन म्हणाला, मग माझ्या जागेवर ये, कुठे खणायचं ते दाखवतो. मी म्हणालो, तुझे उपकार नकोत.

निश्चय: क्लेटनच्या मदतीशिवाय. आणि सगळं कायद्यात राहून, कारण व्याही पोलीस.

१९ एप्रिल, शनिवार
नवीन सामान आणलं. वाळू धुवायची हिरवी प्लॅस्टिकची परात, फावडं, चाळणी, सोन्याचे कण ओढून घ्यायची पिचकारी. जुनी परात लॉर्नाने जिरेनियमच्या कुंडीखाली ठेवली आहे आणि परत द्यायला तयार नाही.

सरकारी पार्कातल्या नदीवर गेलो. तिथे सगळ्यांना परवानगी आहे. फावडं मारतोय तोच एक रेंजर पोरगी आली. म्हणाली, इथे फक्त हात आणि परात चालते, फावडं गाडीत ठेवा. मी म्हणालो, बाई, माणूस हातांनी खणत होता तेव्हा तो गुहेत राहत होता. ती म्हणाली, असेल, पण फावडं गाडीत ठेवा. हिच्या वयाच्या पोरांना आता हुद्दे देतात.

दिवसभर हातांनी उकरलं. नखं गेली. मिळालं काय, काळी वाळू आणि कोणाच्या तरी मासे धरायच्या गळाचं शिसं. रात्री कोरीचा फोन, किती झालं? सुरुवात दमदार आहे म्हणालो.

३ मे, शनिवार
जंगलाचा नकाशा कॉम्प्युटरवर उघडला. सगळीकडे लाल चौकोन. एकेक चौकोन म्हणजे एकेक क्लेम, म्हणजे जमीन सरकारची पण तिच्याखालचं सोनं कोणा लबाडाने आधीच आपल्या नावावर लावून घेतलेलं. यातले निम्मे लोक वर्षात एकदा तोंड दाखवत नाहीत. स्वतः खाणार नाहीत आणि दुसऱ्याला खाऊ देणार नाहीत.

लॉर्ना म्हणाली, गावच्या क्लबाचे चांगले क्लेम आहेत, मेंबर हो आणि खण. क्लबाचा अध्यक्ष कोण? क्लेटन. नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या टोळक्यात मी जाणार नाही. लॉर्ना म्हणाली, मग बस नकाशा बघत.

१७ मे, शनिवार
तोडगा सापडला. हायवेच्या पुलाखालची जागा रस्त्याची. रस्ता जनतेचा. जनता म्हणजे मी. गळाचं सामान विकणाऱ्या दुकानात कोणालाही विचारा, पुलाखाली खणायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. हे एवढं सोपं असून लोक नकाशे बघत बसतात.

संध्याकाळ
रस्ते खात्याचा एक नारिंगी जाकिटातला ढेरपोट्या आला. म्हणाला, साहेब, तुम्ही पुलाचा खांब उकरताय. मी त्याला कायदा समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हाच कायदा सांगतो, कुठे लिहिलाय ते अजून कोणी दाखवलेलं नाही. खणलेला खड्डा बुजवायला लावला. स्वतः उभा राहून सँडविच खात होता. त्या खात्यात भरती कशी होते हे एकदा कोणीतरी तपासायला पाहिजे.

८ जून, रविवार
आता खासगी जागा. मालक हो म्हणाला की विषय संपला, सरकार गेलं खड्ड्यात. हेझल ओडम नावाची म्हातारी आहे, शेळ्या पाळते, मागून ओढा वाहतो. ओढ्यात उतरू का विचारलं. म्हणाली, खुशाल उतर, पण आधी काठावरची ब्लॅकबेरीची जाळी साफ कर. माणुसकी शिल्लक आहे.

२२ जून, रविवार
जाळी साफ झाली. हातापायावर जागा राहिली नाही इतके ओरखडे. परात घेऊन उतरलो तर म्हातारी कुंपणावर रेलून म्हणते, एक सांगायचं राहिलं, जमिनीच्या खालचं माझं नाही बरं का. आजोबांनी वाईट दिवसांत खालचं सगळं एका खाण कंपनीला विकलं. वरची जाळी तेवढी माझी.

हे आधी का नाही सांगितलं, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. म्हणाली, तू ओढ्यात उतरू का विचारलंस, सोन्याचं कुठे विचारलंस? वर शेळीच्या दुधाचं चीज दिलं. रागाने गाडीतच खाल्लं. चांगलं होतं, त्याने आणखी डोकं फिरलं.

४ जुलै, शुक्रवार
अंगणात रिब्ज आणि बीअर. दोन्ही घरचे लोक. क्लेटनने सगळ्यांसमोर विचारलं, अंगठीचं कुठवर आलं? डेलही ऐकत होता. मी म्हणालो, जवळजवळ झालंच. खरं म्हणजे सोनं साठवायच्या बाटलीत मिठाच्या चिमटीएवढंही नाही.

कोरीने बोटाचं माप देऊन ठेवलंय. सोनाराला ऑगस्टअखेर सोनं हवं. विकत घेऊन खपवावं असं मनात आलं. पण ही प्रूइट माणसं म्हणे कण बघून कुठल्या ओढ्याचा ते सांगतात. थापा. तरी धोका नको.

रात्री लॉर्ना म्हणाली, अजून वेळ आहे, क्लेटनला विचार. मी कूस बदलली. झोप लागली नाही. कोरीसमोर रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं?

२ ऑगस्ट, शनिवार
सापडली. जागा सापडली.

म्यूल क्रीकच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे पायी. वळणावर उघडा कातळ. काठावर एक जुना खांब आणि खांबाला ठोकलेला पत्र्याचा डबा. क्लेमचा मालक आपला कागद अशा डब्यात ठेवतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून आधी डब्यात बघितलं. मी काही रानटी माणूस नाही. डब्यात गांधीलमाश्यांचं जुनं पोळं होतं, कागद नव्हता. कागद नाही म्हणजे मालक नाही. जागा मोकळी.

नकाशा नीट उघडला नाही, तिथे सिग्नल नव्हता. क्लेम नोंदवतात त्या काऊंटीच्या ऑफिसात खात्री करता आली असती, पण आज शनिवार. शिवाय तिथली बाई क्लेटनच्या चर्चची. खात्री कशाला, डबा रिकामा होता.

कातळातली एक भेग वाकवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने खरवडली. आतला गाळ परातीत घेऊन हलवला. काळी वाळू सरकली आणि मागे पिवळं राहिलं. एक नाही, चार दाणे, एक तर डाळीएवढा. मी पाण्यात बसूनच राहिलो. पँट भिजली ते घरी आल्यावर कळलं.

१० ऑगस्ट, रविवार
आणखी दोन भेगा. चर्चला बुट्टी. लॉर्नाला जागा सांगितली नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. क्लेटनला तर मेलो तरी सांगणार नाही. या गावात नकाशाशिवाय, क्लबाशिवाय, कोणाच्या पाया न पडता सोनं काढणारा मी एकटा आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
आज दाखवलं. मुद्दाम सगळ्यांना जेवायला बोलावलं, क्लेटनला सर्वात आधी. मीटलोफ झाल्यावर पांढऱ्या बशीत सोनं ओतलं आणि बशी टेबलावर फिरवली. अंगठीपुरतं आहे, वर थोडं उरेल.

कोरी रडली. ट्रॅव्हिस चक्क बोलला, भारी आहे म्हणाला. डेलने हात मिळवला. लॉर्ना बशीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती, तिला विश्वासच बसेना.

क्लेटनने खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघत होता. एक दाणा चिमटीत धरून उजेडात फिरवला. कुठे मिळालं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, मोकळ्या जागेत, कायदेशीर. तो म्हणाला, छान, आणि बशी पुढे दिली. लॉर्नाचा ॲपल पायसुद्धा खाल्ला नाही. जळून खाक झाला. असं समाधान मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार
हात दाखवून अवलक्षण.

सकाळी शेवटची भेग साफ करायला म्यूल क्रीकला गेलो. क्लेटन कातळावर बसला होता, थर्मासमधून कॉफी पीत. शेजारी डेल, युनिफॉर्मात, हॅट हातात घेऊन. डेल मयताला आल्यासारखा बोलत होता.

तो खांब क्लेटनचा. तो डबाही क्लेटनचा. क्लेम वीस वर्षं त्याच्या नावावर आहे, काऊंटीत दरवर्षी नोंद होते. डब्यातला कागद उंदीर घरट्याला पळवतात म्हणून त्याने ठेवणं सोडलं. म्हणाला, खडबडीत आणि तांबूस सोनं या वळणावरच मिळतं, वेंडेल, कालच ओळखलं. मी डब्याचं सांगितलं. डेल म्हणाला, व्याही, कायद्यात डबा मोजत नाहीत.

मी म्हणालो, काढलं मी, धुतलं मी, गुडघे माझे गेले. क्लेटन म्हणाला, एप्रिलमध्ये मी तुला याच जागेवर बोलावलं होतं. तेव्हा आला असतास तर प्रत्येक कण तुझा होता.

डेलने सांगितलं की क्लेटनने तक्रार केली नाही तर त्याने काहीच बघितलं नाही. क्लेटन म्हणाला, तक्रार नाही, सोनं परत दे, आणि पोरीला यातलं अक्षर सांगायचं नाही, तिच्या लग्नात तिचा बाप चोर ठरायला नको. चोर हा शब्द त्याने अगदी हळू उच्चारला. डेल ओढ्याकडे बघत राहिला.

बाटली दिली.

कोरीला सांगितलं, बाटली ओढ्यात पडली, वाहून गेली. ती म्हणाली, असू दे पप्पा. हे ती लहानपणीही असंच म्हणायची, मी यायचं कबूल करून यायचो नाही तेव्हा.

१३ सप्टेंबर, शनिवार
सोनाराने अंगठी पूर्ण केल्याचं लॉर्ना म्हणाली. कोणाचं सोनं विचारलं. म्हणाली, तुला कळेलच, मला भांडण नको आहे.

२० सप्टेंबर, शनिवार
लग्न झालं. हवा चांगली. बीफचा ट्राय-टिप जरा जास्त भाजला.

जेवणानंतर क्लेटनने ग्लास वाजवला. म्हणाला, आमच्या घराण्याची रीत मोडू नये म्हणून कोरीची अंगठी मामाकडून, शेवटच्या कणापर्यंत माझ्या म्यूल क्रीकच्या सोन्याची. धुतलं कोणी हे बोलला नाही. लोकांनी काय समजायचं ते समजलं. आयत्या बिळावर नागोबा. टाळ्या थांबेनात. मग लबाड म्हणतो, वेंडेल, तूही दोन शब्द बोल, सोन्यातलं तुला कळतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डेलही, पण तो पटकन ताटाकडे बघायला लागला. उठलो. सोनं उत्तम आहे म्हणालो. मेहनतीने धुतलेलं दिसतंय म्हणालो. बसलो. लॉर्नाने माझा हात दाबला, म्हणाली, तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाबद्दल चांगलं बोललास.

कोरी मामाच्या गळ्यात पडून रडली. पहिला डान्स ट्रॅव्हिसबरोबर, दुसरा मामाबरोबर, मग माझ्याबरोबर. नाचताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता, अंगठी माझ्या डोळ्यांसमोर. तांबूस आहे. डाळीएवढा तो दाणा कुठल्या बाजूला गेला असेल ते शोधत होतो.

तिने कानाशी तोंड आणलं. म्हणाली, पप्पा, वाईट वाटून घेऊ नका, सोनं काढणं प्रत्येकाला जमतंच असं नाही.

मी हो म्हणालो.