तोडलेलं पाणी

प्रिय चंद्रावन्सं,

‘प्रिय’ हे पत्राची रीत म्हणून लिहिलंय, त्यात दुसरं काही शोधू नका. माझा हंबीर गेल्यापासून तुमचं नाव तोंडात आलं की मी थुंकून टाकते. पण आज दुपारी मोहिद्दीनचाचा आळीत बांगड्या भरायला आले आणि सांगून गेले की सांगलीत तुमच्या ज्ञानूला साथीचा ताप भरलाय, तुम्ही दारंखिडक्या लावून घेतल्यात आणि पोराचं पाणी तोडलंय. ऐकलं आणि हातातली बांगडी पिचकली माझ्या. चाचा उद्या सकाळच्या गाडीनं परत जाणार, त्यांच्याच हातानं हे धाडतेय. फाडायचं असेल तर फाडा, पण वाचून फाडा.

पाणी तोडणं! माझ्या माहेरी, पाटणकडं, पाणी तोडतात ते शेतातल्या पाटाचं. तुमच्या घरात ते तापल्या पोराचं तोडतात, हे मला लग्न होऊन कराडच्या या मुलखात आल्यावर कळलं. गेल्या भादव्यात तुम्ही गौरीला माहेरपणाला आला होता. तुमचा भाऊ पलटणीत, घरात मी एकटी, आणि हंबीरला ताप भरला. तुम्ही पदर खोचलात आणि घर ताब्यात घेतलंत. थोरली नणंद पडलात, तुमच्यापुढं मी काय बोलणार? खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, पोरावर कांबळ्यावर कांबळं घातलं. माझ्या लेकीला, रंगूलाही थंडी लागेल म्हणून त्याच कांबळ्यात निजवलंत. आणि पाणी तोडलंत.

पोर पाणी पाणी करत होतं, वन्सं. आठवतं का? मला तर जेवताना आठवतं, दळताना आठवतं. तुम्ही म्हणालात, इस्तवावर पाणी वतलं की वाफ हुती, ती वाफ काळजात शिरंल, गप बस. मी पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावलं तर तुम्ही माझा हात पिरगाळलात. जीभ वाळून नुसती खपली झाली होती त्याची. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, रडायला लागला तर डोळ्यांत टिपूस येईना. तुम्ही म्हणालात, बघ, घाम न्हाई, रडं न्हाई, ताप आता आतच मरतोय. ताप नव्हता मरत.

आणि जीव जायला लागला तशा तुम्हीच देव्हाऱ्याकडं धावलात. गंगाजळाची लोटी फोडलीत, म्हणालात, तोंडात पाणी घाला, पोर तसंच जायला नगं. वा वन्सं! जित्या पोराला विहिरीचं पाणी नाही आणि मरत्या पोराला काशीचं! ते पाणी त्याच्या ओठांच्या कडेनं उशीवर गळलं, गिळायची ताकद कुठं उरली होती त्याच्यात? वर आळीभर सांगत सुटलात की आईनं चोरून पाणी पाजलं म्हणून पोर दगावलं. त्या पदराच्या ओल्या टोकानं! लोक अजून मला बघून कुजबुजतात.

तुम्ही सांगलीला गेलात आणि रंगू तापली. तापणारच की, त्याच कांबळ्यात निजली होती. या खेपेला मी कुणालाही विचारलं नाही. गाडी जुंपायला लावली आणि तिला कराडच्या डॉक्टरांकडं नेली. ते म्हणाले, या तापाला रामबाण औषध नसतं, तो आपल्या मुदतीनं जातो, तोवर पोर सुकू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात. मी पाणी उकळून गार केलं आणि चमच्याचमच्यानं पाजत राहिले. ओकली तर थोडं थांबून परत. भाताची पातळ पेज, मीठ घालून. खिडकी उघडी, अंगावर एक सुती लुगडं. अंग फारच कढत झालं की साध्या पाण्यानं पुसायचं, गारठवायचं नाही. रंगू उठली. तुम्हाला निरोप धाडला तर तुमचं उत्तर काय आलं? पोरीची जात चिवट, तिला काय धाड भरतीया!

तर आता नीट वाचा. ज्ञानूवरची कांबळी काढा. चिंध्या उपसा, वारा येऊ द्या. पाणी तो मागेल तेव्हा द्या आणि नाही मागितलं तरी द्या. अन्न जाईना तर बळजबरी नको, पण पेज, ताक, काहीतरी पोटात जात राहू दे. त्याची वाटी वेगळी ठेवा, धाकट्यांना त्याच्याजवळ निजवू नका, त्याचं करून झालं की हात साबणानं धुवा. आणि लघवी तुटली, धाप लागली, झटका आला, किंवा हाक मारूनही पोर डोळे उघडेना, तर अंगारा लावत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. शेजारणींनी नावं ठेवली तर ठेवू देत. मला काय कमी ठेवली?

आता हे का लिहिलं ते सांगते. मायेनं लिहिलं असं समजू नका. चाचांचं ऐकून पहिल्यांदा मनात आलं की बरं झालं, आता कळेल बाईला. ज्ञानूचा मला राग नाही, तो मला मामी म्हणून बिलगतो, त्याला मरू द्यायला मी काही तुम्ही नव्हे. पण नुसतं तेवढंही नाही. रंगू जगली तर तुम्ही पोरीची जात म्हणून मोकळ्या झालात. ज्ञानू पोरगा आहे, हंबीरच्याच वयाचा, तुमच्या पोटचा. तो पाणी पिऊन उठला की तुम्हाला म्हणायला काही उरणार नाही. तुमच्या डोळ्यांसमोर तो घटाघटा पाणी पिईल, मोठा होईल, त्याचं लगीन होईल, आणि माझा हंबीर कशानं गेला हे तुम्हाला जन्मभर कळत राहील. मला तेच हवंय, वन्सं. म्हणून त्याला जगवा. पत्र ठेवा आणि आधी त्याला पाणी पाजा.

तुमचीच भावजय, दुसरा इलाज नाही म्हणून,
विजयमाला