लाल आकड्यांची सवत

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आज कळलं! इतके महिने सून म्हणत होती, "आत्या, मामांची बोटं बघा, चादर चिवडत्यात." डॉक्टर म्हणाले, या आजारात व्हायचंच तसं. आजाराचं नाव लांबलचक, अर्थ एवढाच की माणूस आपलं आपल्यालाच विसरत जातं. पण चिवडणं न्हाय ते! दुपारी शेजारी बसून नीट बघितलं. डावा तळवा उताणा, काहीतरी धरल्यासारखा. उजव्या हाताचं एकच बोट — खाली, वर, आडवं. मग जरा थांबून एक ठोका. मग तळव्याकडं बघत राहायचं.

हिशोब करतायत हे. धरणावरचे हिशोब! आणि उत्तर काही येत न्हाय.

५ नोव्हेंबर

सवतीला ट्रंकेतून बाहेर काढलं.

सवतच ती. मी लग्न होऊन माकणी धरणाच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा ही बया आधीच येऊन बसलेली. हे पाटबंधाऱ्यात ज्युनियर इंजिनियर, आणि हा पुण्याहून आणलेला कॅल्क्युलेटर — साधा न्हाय, प्रोग्रॅम भरता येणारा. काळा, वीतभर. बाजूच्या फटीत बोटाएवढी पट्टी सरकवली की घर्रर्र करून ओढून घ्यायचा आणि अख्खं गणित त्याला पाठ! मग कालव्याला पाणी किती सोडायचं ते लाल आकड्यांत सांगायचा. लांबून लांबून इंजिनियर बघायला यायचे. आणि माझी आमटी गार.

एकदा मी चिडून म्हटलं, "तिलाच सांगा की वाढायला!" तर म्हणतात कसे, "तिला भाकरी थापता येत न्हाय गं. न्हायतर विचार केला असता."

आज चार्जर लावला, बटण सरकवलं. काही न्हाय. मेली सवत, आणि मीच रडत बसले. काय म्हणावं!

७ नोव्हेंबर

निकिता — सून माझी, भली आहे पण घाईची — म्हणाली, "आत्या, मोबाईलमध्ये असतंय की कॅल्क्युलेटर." दिला यांच्या हातात. यांनी काचेवर बोट दाबलं, परत दाबलं, आणि फेकून दिला कोपऱ्यात! काच तडकली. मला मेलीला आतून बरं वाटलं. राग तरी आला यांना! दिवाळीपासून तेवढंही नव्हतं.

१० नोव्हेंबर

लोहाऱ्याला गेले बब्रुवानकडं. विहिरीच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो, टीव्ही करतो, भांडणं फुकट करतो. त्यानं उघडलं आणि कपाळाला हात लावला. बॅटरी गळून आत हिरवी बुरशी. पट्टी ओढणारं रबरी चाक विरघळून काकवी झालेली. आणि बटणांच्या खाली पिवळा थर, घट्ट. नखानं खरवडून वास घेतला त्यानं.

"काकू, हळद हाय का ही?"

हळदच! दर खंडेनवमीला हे सवतीला पाटावर मांडायचे. कोयता, खुरपं, टेप आणि ही. हळद-कुंकू, वर फुलानं पाणी शिंपडायचं. यांचं भान गेल्यावर पूजा चुकायला नको म्हणून मी चालू ठेवली. आणि माझा हात सढळ!

"पूजा करून करून मारलं की हिला!" बब्रुवान हसायला लागला. मी म्हटलं, "हसू नको. नीट कर." तर म्हणे, "ह्याच्यात काय राहिलं न्हाय. ह्याचे सुटे भाग आता मिळायचे न्हाईत." म्हटलं, मिळायचे न्हाईत तर बनव. मी उठायची न्हाय इथून.

उठले न्हाय. शेवटी त्यानं चहा मागवला.

१२ नोव्हेंबर

किती महिने झाले, यांच्या तोंडून शब्द न्हाय. एकदा, एकदाच यांनी "ऐकलंस का" म्हणावं. मग पुन्हा गप्प झाले तरी चालेल. न्हाय, खोटं. चालणार न्हाय मला.

१८ नोव्हेंबर

आज तिसरी खेप. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, गाण्यांचा दणका, एसटी मागं रखडलेली. जीव नुसता पुढं पळत होता.

बुरशी लिंबानं गेली, गळक्या बॅटरीच्या जागी नवे सेल जोडले. बटणं मी तिथं बसून पुसली, कापसाच्या बोळ्यानं, एक एक. पाच आणि आठ अगदी गुळगुळीत झालेत, आकडे पुसट. यांच्या बोटानं झिजलेले. मी आपलं बोट तिथं ठेवून बसले. बब्रुवान म्हणाला, "काकू, पुसताय का जप करताय?"

चाकाचं काही जमेना. शिवणयंत्राचं रबर लावलं, मोठं झालं. सायकलच्या ट्यूबचं लावलं, सरकायला लागलं. मग त्याच्या नजरेला माझ्या पिशवीतली सलाईनची नळी पडली, यांच्यासाठी औषधाच्या दुकानातून घेतलेली. त्यातलाच तुकडा कापला त्यानं, चाकावर चढवला. बसला!

२१ नोव्हेंबर

पेटली!! लाल शून्य. एवढंसं, गुंजेएवढं. दुकानात दोन माणसं होती, त्यांच्यासमोर मी टाळ्या वाजवल्या. लाज न्हाय वाटली.

पट्ट्या मात्र एकेक करून नापास. ओढून घेते आणि नुसती लुकलुकते. शेवटची कालव्याच्या हिशोबाची पट्टी तेवढी तिनं मानली. बब्रुवान म्हणाला, "आता मालकाच्या हातात द्या. मला ह्यातलं ओ की ठो कळत न्हाय."

मला तरी कुठं कळतंय!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आधी धीरच होईना. ओळखलं न्हाय तर? तर मग मी काय करू पुढं? म्हणून इतके दिवस फडक्यात बांधून ठेवली. बब्रुवानचा फोन — "काय म्हणाले मालक?" मी खोटंच सांगितलं, झोपलेत.

आज संध्याकाळी ठेवली यांच्या तळव्यावर. बोटं मिटली लगेच. अंगठ्यानं बाजूचं बटण सरकवलं, न बघता! मी पट्टी दिली, यांनी फटीत घातली. घर्रर्र. आणि मग बोट असं चाललं, असं चाललं — निकिता हातातलं पीठ तसंच घेऊन दारात उभी. लाल आकडा आला. यांनी मान डोलावली. किती दिवसांनी चेहऱ्यावर समाधान दिसलं.

बोलले मात्र काही न्हाय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलले! अख्खी वाक्यं!

सकाळी हिशोब चालला होता. मी पाण्याचा तांब्या ठेवला. वर बघून म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन का ऑफिसात?"

आवाज तोच, साइटवरचा, खणखणीत. पण मी कुणी न्हाय त्या आवाजाला. तरी व्हय म्हटलं.

"रविवारी मी नसणार. साहेबांना सांगा. अणदूरला जायचंय, मुलगी बघायला."

अणदूर माझं माहेर. मला बघायला आले होते ते, त्र्याऐंशी साली. यांच्या लेखी लग्न व्हायचंय अजून आमचं.

मी म्हटलं, "कशी आहे मुलगी?"

"बघितली न्हाय अजून. दादा म्हणतात, दहावी झालीय, पण तोंडानं फटकळ."

कोण म्हणतं फटकळ! — असं तोंडावर आलं होतं. गिळलं. मग यांनी सवत बाजूला ठेवली. स्वतःच्या हातानं बाजूला ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाले, "मला लई भीती वाटती हो. तिनं नको म्हटलं तर?"

लाजले हे! कान लाल झाले.

तेव्हा मुलीला कोण विचारत होतं? माझ्या बापानं "व्हय" म्हटलं, झालं लग्न. मला वाटायचं, हेही तसेच आले असतील, कुणी सांगितलं म्हणून. भीती वाटली होती यांना. माझ्या उत्तराची! सगळा संसार झाला आणि कधी बोलले न्हाईत.

मी म्हटलं, "न्हाय म्हणायची ती. म्हणजे — नको म्हणायची न्हाय. जाऊन तर या."

स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोहे निवडून ठेवले. जांभळी इरकल काढली, इस्त्री केली. निकिता विचारते, "आत्या, उद्या कोण येणारंय?"

म्हटलं, मला बघायला येणारेत. मी पसंत पडले म्हणजे मिळवली.