मार्थाची जागा

ती. आईस सलाम.

तुझी सून मार्था गेल्याची तार पोचली असेल. उन्हामुळे तिला चांद्याला आणता आले नाही.

शाळेत शिकवतो, की परक्या अब्राहामाने हेब्रोनजवळ शेत विकत घेऊन बायकोला, साराला, पुरले. तसेच करावे म्हणून मी इथल्या डोमा पाटलाला जागेची किंमत विचारली. तो उठून गेला. पंच दुपारपर्यंत मोहाच्या झाडाखाली बसून होते, मी मार्थाजवळ. नकार आला तर काय करावे, सुचत नव्हते.

शेवटी डोमा आला. "मास्तर, माती इकून राह्यलो का आमी? बाई गावची हाये. ऊठ."

त्यांच्या मृतांच्या उभ्या दगडांशेजारी तिला पुरले. रीतीप्रमाणे मीही दगड उभा केला. प्रार्थना एकट्यानेच म्हटली.

तुझे गुडघे कसे आहेत? मी जेवतो. मागितलेली चांद्याची बदली मात्र आता नको म्हणून कळवले आहे.

तुझा,
येशुदास